दाखल्यावर ‘तात्पुरते’ असा रकाना नसतो

माझ्या बँकेने मला वर्षाची बिनपगारी रजा दिली. एक अर्ज, वरिष्ठांची सही, संपलं. नवऱ्याला कंपनीने दीड वर्षासाठी स्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं होतं आणि त्याच्या पत्रात परतीचा महिनासुद्धा छापलेला होता. प्रश्न होता तो पोरांचा. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. त्यांना बिनपगारी रजा कोण देणार?

मी फार विचार न करता शाळेत अर्ज घेऊन गेले. ‘वडिलांच्या नोकरीनिमित्त मुले एक वर्ष परदेशी राहणार असून त्यानंतर याच शाळेत परत येतील, तरी जागा राखून ठेवावी, ही नम्र विनंती.’ मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, “ताई, असं काही नसतं. पोरगं एक तर पटावर असतं, नाहीतर नसतं.”

आमची शाळा पुण्यातली, अनुदानित, सेमी इंग्रजी. फी नावापुरती, शिक्षक चांगले, आणि प्रवेशासाठी दर वर्षी रांग. जागा गेली तर परत मिळेल का, हीच भीती होती. खासगी शाळांत म्हणे वर्षाची फी भरून जागा धरून ठेवता येते. अनुदानित शाळेत तो मार्गच नाही.

ऑफिसातल्या लिपिकांनी मात्र मला बाहेर गाठून वेगळाच सल्ला दिला. “दाखला कशाला काढता? जा तुम्ही. नावं राहू द्या पटावर. तीस सप्टेंबरला पोरं पटावर दिसली पाहिजेत, बाकी आम्ही बघू.” तीस सप्टेंबरचा अर्थ मला नंतर कळला. त्या तारखेच्या पटसंख्येवर शाळेची संचमान्यता ठरते, म्हणजे किती शिक्षकांची पदं टिकणार ते. दोन पोरं कमी झाली की कुणाचं तरी पद काठावर येऊ शकतं. म्हणजे तो गृहस्थ लबाड नव्हता, शाळेची काळजीच करत होता. तरी मला रात्रभर झोप लागली नाही. पटावर नाव ठेवायचं म्हणजे हजेरी लावायची, परीक्षेला बसल्याचं दाखवायचं, शालेय पोषण आहाराच्या आकड्यांत धरायचं. माझी पोरं स्टुटगार्टला आणि त्यांच्या वाटची खिचडी पुण्यात! शिवाय वर्षभर एकाच वेळी दोन देशांच्या शाळांत शिकल्याची नोंद पुढे कोण निस्तरणार?

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, “मी खोटी हजेरी लावणार नाही. रीतसर दाखला घेऊन जा आणि रीतसर परत या. जागेची हमी देत नाही. पण आठवीपर्यंत प्रवेश नाकारणंही सोपं नसतं.” या एका वाक्यावर मी निर्णय घेतला. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा स्वतः वाचला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद त्यात आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असंही स्पष्ट लिहिलंय. ठरावीक एका शाळेवर हक्क सांगता येत नाही, हे मात्र खरं. ज्यांची मुलं आठवीच्या पुढे आहेत त्यांनी जरा जपून. नववीपासून बोर्डाच्या नोंदणीची भानगड सुरू होते.

कोणतं वर्ष चुकवायचं हे आमच्याकडे सासऱ्यांनी ठरवलं, असं म्हणायला हरकत नाही. ते निवृत्त शिक्षक. त्यांच्या दोन अटी होत्या. “थोरल्याची पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा होऊ दे. आणि धाकटीची चौथी बुडवायची नाही. चौथीला शिवाजी महाराज असतात.” यावर वाद घालण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. कंपनीला फेब्रुवारीत माणूस हवा होता. नवरा एकटा पुढे गेला, आम्ही वार्षिक परीक्षा संपवून मे २०२३ मध्ये निघालो. म्हणजे बुडणार होती सहावी आणि तिसरी.

एप्रिलमधली कागदपत्रांची धावपळ थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं. नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं आणि नंतर आम्ही विसरलो. पासपोर्टच्या आधी महापालिकेत जाऊन ते नाव चढवलं. मुलाच्या आधारवर आडनावात एक ‘एच’ जास्त, तो काढला. मग व्हिसा, त्याची मुंबईची खेप. यात नवीन काही नाही.

दाखल्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडे आयुष्यभर पुरणारा कागद. त्यावर खाडाखोड चालत नाही, जनरल रजिस्टरमधल्या नोंदीशी शब्द न् शब्द जुळावा लागतो. मी रजिस्टरमधली नोंद आधी दाखवायला सांगितली आणि पासपोर्ट शेजारी ठेवून ताडून पाहिली. हे करा. मुलाच्या नोंदीत जन्मतारीख अंकांत बरोबर आणि अक्षरांत चुकलेली होती. पाच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो दुरुस्तीचा प्रस्ताव वर जाऊन येण्यात तीन आठवडे गेले. नशिबाने मार्चमध्येच पाहिलं होतं.

मग आला रकाना ‘शाळा सोडण्याचे कारण’. मी म्हटलं, “तात्पुरते परदेशी वास्तव्य, असं लिहा.” लिपिक हसले. “ताई, शाळा तात्पुरती सोडता येत नाही हो.” त्यांनी ‘पालकांची बदली’ लिहिलं. मला ते खटकलं, पण खोटं तरी कुठे होतं? राज्याबाहेर जाताना लागते म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायला जिल्हा परिषदेत दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, नोटरी केली, पाच पाच प्रती काढल्या. प्रगतिपुस्तकं, बोनाफाइड, लसीकरणाचं कार्ड. सगळं एका निळ्या फाइलमध्ये. विमानात ती फाइल मी मांडीवर घेऊन बसले होते.

स्टुटगार्टमध्ये ती निळी फाइल कुणी उघडायलाच सांगितली नाही.

तिथला क्रम आपल्या डोक्यात बसत नाही. आधी घर, मग घरमालकाचा कागद. त्या कागदाचं नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, ते पाठ करायलाच मला आठवडा लागला. तो घेऊन दोन आठवड्यांत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची. एकदा पत्ता नोंदला की मूल शाळेच्या सक्तीखाली आलं. माझ्या नणंदेने सुचवलं होतं, “वर्षभराचाच तर प्रश्न आहे, घरीच शिकव ना, बालभारतीची पुस्तकं तर फुकट उतरवून घेता येतात.” आपल्याकडे खपून गेलं असतं. जर्मनीत घरी शिकवणं चालतच नाही. मूल शाळेतच गेलं पाहिजे, तुम्ही तिथे वर्षभर राहणार असा की दहा वर्षं. नागरी कार्यालयातल्या बाईंनाही मी उत्साहाने सांगितलं होतं की आम्ही तात्पुरते आलोय. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “पण आज तुम्ही इथे राहता ना?”

इंटरनॅशनल स्कूल हा पर्याय होता. फी ऐकली आणि विषय तिथेच मिटला. कंपनी घरभाडं देत होती, फी नाही.

दाखला कुणी मागितला नाही, पण गोवराच्या लसीचा पुरावा मागितला. १ मार्च २०२० पासून तिथे कायदाच आहे, दोन गोवरलसींचा पुरावा असल्याशिवाय शाळेत घेताना अडचण. आमच्याकडे नऊ महिन्यांची, सव्वा वर्षाची आणि पाच वर्षांची, अशा तीन झालेल्या. कार्डावर आमच्या डॉक्टरांचं अक्षर मात्र असं की त्यांनाही वाचता आलं नसतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी भिंग घेऊन एकेक तारीख वाचली, मला खात्री करायला लावली आणि पिवळ्या पुस्तिकेत उतरवली. प्रतिस्वाक्षरी केलेल्या दाखल्यापेक्षा आमच्या बिबवेवाडीच्या डॉक्टरांच्या खरडीला तिथे जास्त किंमत आली. जाणाऱ्यांना माझा एकच आग्रह आहे. लसींच्या तारखा आणि लसीचं पूर्ण नाव छापील कागदावर, शिक्क्यानिशी घेऊन जा.

मुलगी प्राथमिक शाळेत, मुलगा पुढच्या शाळेत. तिथे प्राथमिक चौथीलाच संपते, त्यामुळे एका घरातल्या दोन भावंडांच्या दोन शाळा, दोन दिशांना. दोघांनाही आधी भाषेच्या तयारीवर्गात घातलं. मे संपता संपता सणाची दोन आठवड्यांची सुट्टी, मग सात आठवडे शाळा, आणि जुलैच्या शेवटी उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी. आपल्याकडे जूनमध्ये नवीन वह्यांना कव्हरं घालतात तेव्हा तिकडे वर्ष संपत आलेलं असतं. मला वाटलं होतं की ते सात आठवडे फुकट जाणार. उलट तेच उपयोगी पडले. अभ्यासाचं ओझं नव्हतं, परीक्षा नव्हत्या, सप्टेंबरमध्ये खरं वर्ष सुरू झालं तेव्हा दोघांना निदान स्वच्छतागृह कुठे आहे ते माहीत होतं.

मुलगी आठवड्यात रुळली. आठ वर्षांच्या मुलीला खेळायला भाषा लागत नाही. तिला तिथले अंक सगळ्यांच्या आधी जमले, त्याचंही कारण गमतीचं. जर्मन लोक एकवीस म्हणताना आधी एक म्हणतात, मग वीस: ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिग’. इंग्रजीतून आलेली मुलं तिथे गोंधळतात. मराठीत एकवीस, बावीस, तेवीस, सगळं तसंच आहे. २०१९ मध्ये आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते मला आठवलं. आमच्या घरी सासऱ्यांनी नातीकडून एकवीस ते नव्व्याण्णव जुन्या पद्धतीने घोकून घेतले होते. स्टुटगार्टच्या बाईंनी तिचं कौतुक केलं हे फोनवर ऐकून ते किती खूश झाले म्हणून सांगू.

ती अडली ती पोहण्यात. तिसरीला तिथे शाळेतच पोहण्याचे तास असतात. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या पोहण्याच्या कपड्यावर समुद्रघोड्याचं बिल्ला-चित्र शिवलेलं, म्हणजे पंचवीस मीटर पोहून झालेलं. आमची बाई काठाला धरून उभी. मार्चमध्ये तिने तो बिल्ला मिळवला, त्या दिवशी मी साजूक तुपातला शिरा केला होता.

मुलाचं सोपं नव्हतं. पुण्यात तो वर्गात पहिल्या पाचांत असायचा, उत्तर येत असलं की हात वर करायचा. इथे त्याला उत्तर येत असायचं आणि शब्द नसायचे. गणितात दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, ‘एक’ हा आकडा सातासारखा आणि साताच्या पोटात रेघ. पहिले दोन महिने घरी येऊन तो बोलत नसे, नुसता खिडकीतून रस्त्यावरच्या ट्रॅम मोजायचा. मला तेव्हा खरंच वाटलं की आपण चूक केली. नवरा म्हणायचा, “वर्षभराचंच तर आहे.” हे वाक्य मोठ्या माणसाला धीर देतं. अकरा वर्षांच्या पोराला वर्ष म्हणजे काय, ते आपण विसरलेलो असतो. एकदा तर तो मला म्हणाला, “वर्षभरच राहायचंय तर मी कशाला शिकू जर्मन?” मला उत्तर सुचलं नाही.

त्याला उत्तर मिळालं ते तयारीवर्गातल्या शेजारच्या मुलाकडून. युक्रेनचा, खार्किवचा. तोही आईबरोबर ‘थोड्या दिवसांसाठी’ आला होता, मार्च २०२२ मध्ये. दोघांची मैत्री बुद्धिबळावर जमली, त्यात बोलावं लागत नाही. तो मुलगा दुपारपर्यंत जर्मन शाळा करून संध्याकाळी संगणकावर युक्रेनच्या शाळेचे तास करायचा, दोन्हीकडचा गृहपाठ. एका शनिवारी तो आमच्याकडे पोळी-भाजी खायला आला. जाताना त्याच्या आईने मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही परत कधी जाणार? मी म्हटलं, पुढच्या जुलैत. ती “छान” म्हणाली आणि मुलाच्या जॅकेटची चेन लावत राहिली. त्यानंतर मी ‘तात्पुरतं’ हा शब्द त्या घरातल्या कुणासमोर वापरला नाही. मुलाने मात्र दुसऱ्या आठवड्यापासून जर्मन शब्दांची वही केली.

मराठी आम्ही सोडलं नाही. सामानात फक्त मराठीची आणि गणिताची पुस्तकं नेली होती, बाकीची संगणकावर. रोज रात्री अर्धा तास, रविवारी सुट्टी. खरं सांगायचं तर आठवड्यातून तीन दिवसच व्हायचं. हिंदी पूर्ण बुडालं.

डिसेंबरमध्ये एक प्रसंग घडला. दिराच्या मुलीचं लग्न, आणि स्वस्त तिकिटं नाताळच्या सुट्टीच्या दोन दिवस आधीची. मी वर्गशिक्षिकेला सहज विचारलं, दोन दिवस नाही आली तर चालेल ना? त्यांनी नम्रपणे सांगितलं की सुट्टीला जोडून रजा देता येत नाही, आणि न सांगता गेलात तर दंडही होऊ शकतो. पुण्यात मी ‘आजोबांची तब्येत बरी नसल्याने’ अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील! आजोबा ठणठणीत. इकडे पोराला वर्षभर पटावर खोटं दाखवायला माणूस तयार होता आणि तिकडे दोन दिवस सुटत नव्हते. लग्न बुडालं. जाऊबाई अजून ऐकवतात.

परतीचं ठरवताना पुन्हा तीच वर्षांची वेटोळी. पुण्यात शाळा जूनच्या मध्यावर सुरू, तिकडे वर्षअखेरचं प्रगतिपुस्तक जुलैच्या शेवटी. जूनमध्ये निघालो असतो तर तिकडचं वर्ष अर्धवट राहिलं असतं. आम्ही जुलै संपवला. प्रगतिपुस्तक, शाळेत हजर असल्याचं प्रमाणपत्र, आणि या दोन्हींचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर. त्याला मी एक तळटीप घालायला लावली, की तिथे १ म्हणजे सर्वांत उत्तम आणि ६ म्हणजे नापास. ही टीप नसती तर मुलाचं गणितातलं १ पाहून पुण्यात काय अर्थ काढला असता कोण जाणे.

ऑगस्ट २०२४. तीच शाळा, तेच ऑफिस, तेच लिपिक. “या या! दाखला?” मी जर्मनीचं प्रमाणपत्र पुढे केलं. “हे नाही हो. तिकडच्या शाळेचा दाखला.” म्हटलं, तिकडे दाखला देत नाहीत. ते चकित झाले. “दाखला नाही, मग शाळा सोडली कशी?”

मग मी निळी फाइल उघडली आणि त्यांनी स्वतः लिहून दिलेले दोन्ही दाखले टेबलावर ठेवले. मूळ प्रती. कुठेच जमा झालेल्या नाहीत, प्रतिस्वाक्षरीसकट कोऱ्या करकरीत. त्यांनी स्वतःची सही उलटसुलट करून पाहिली. पहिल्यांदाच एखादा दाखला बाहेर जाऊन जसाच्या तसा परत आला असावा. मुख्याध्यापिकाबाईंनी तोडगा काढला. जुना दाखला, जर्मनीची कागदपत्रं भाषांतरासह, आणि मधलं वर्ष मुलं कुठे शिकली याचं माझं प्रतिज्ञापत्र. ऑनलाइन नोंदीत पोरं सापडत नव्हती, मग लिपिकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “ड्रॉपबॉक्समध्ये पडलीयेत दोघंही.” यू-डायस या विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या संकेतस्थळावर दाखला काढलेली मुलं दुसरी शाळा ओढून घेईपर्यंत त्या ड्रॉपबॉक्समध्ये राहतात. माझी पोरं पंधरा महिने तिथे होती. तिथून ओढून एकाला सातवीत आणि एकीला चौथीत घेतलं. मुलाच्या जुन्या तुकडीत जागा नव्हती, ‘क’ तुकडी मिळाली. तो दोन दिवस रुसला. ऑगस्टचा महिना असल्यामुळे लिपिक माझ्याशी फार गोड बोलत होते, ते का, हे आता मला माहीत होतं.

प्रवेश रजिस्टरमध्ये ते स्वतः नोंद करत होते. मागील शाळेचे नाव. मी सांगितलं. तीन शब्द, त्यातला एक बावीस अक्षरांचा. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग नुसतं ‘जर्मनी’ लिहिलं.

“गाव?”

“स्टुटगार्ट.”

“तालुका, जिल्हा?”

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग त्यांनी पट्टी घेतली आणि दोन्ही रकान्यांत आडवी रेघ मारली.